शेवटच्या चारीचं पाणी

गेली बत्तीस वर्षं पाण्याच्या दर पाळीला आमच्या दारात एक माणूस घड्याळ घेऊन येऊन बसतो. आधी बाप बसायचा, आता मुलगा बसतो. घड्याळ तेच, डोक्यावर दोन घंट्या असलेलं, चावीचं. आमच्या घरात त्या माणसाचं नाव गजर. तोंडावर नाही हो, तोंडावर मी 'या' म्हणतो आणि तो 'हं' म्हणतो. एवढंच आमचं बोलणं, वर्षानुवर्षं.

मी पाटकरी आहे. कालव्याची दारं उघडायची, मिटायची, कुठल्या चारीला किती वेळ पाणी जातं ते बघायचं, हे माझं काम. माझ्या आधी हेच काम माझा बाप करायचा. मोठ्या कालव्यातून शेतांकडे जे लहान पाट फुटतात त्यांना चारी म्हणतात, आणि माझ्याकडे अशा चार चाऱ्या आहेत. घर बांधावरच आहे, दोन खोल्यांचं, सरकारी. खिडकीतून हात बाहेर काढला तर दाराच्या चाकाला लागेल एवढं जवळ. चाक अडतीस वेळा फिरवलं की चौथ्या चारीचं दार पूर्ण उघडतं. वंगण नसेल तर आटे किंचाळतात आणि खांद्यातून कळ निघते. ती कळ माझ्या बापाच्या खांद्यात होती, आता माझ्या आहे.

आणि या मतदारसंघाची खासदार माझी सख्खी थोरली बहीण आहे. खोटं वाटेल, पण आहे. पाच वर्षांपूर्वी पहिल्यांदा निवडून आली आणि आता परत उभी होती. भिंतीभिंतीवर तिचा फोटो, खाली लिहिलेलं, 'पाटकऱ्याची लेक, सगळ्यांना सारखं पाणी.' फोटोत ताईचा हात आमच्याच चाकावर. चाकाला रंग मी दिला होता, फोटोसाठी नव्हे, गंज चढला होता म्हणून.

चौथ्या चारीच्या टोकाला जी वस्ती आहे, तिला सगळे शेवटची वस्ती म्हणतात. तिथं त्या फोटोखालच्या 'पाटकऱ्याची' या शब्दावर कुणीतरी डांबर फासून वर लिहिलं, 'चोराची'. मागच्या निवडणुकीत त्या वस्तीतून ताईला एकोणीस मतं पडली होती. वस्तीत मतदार सहाशेच्या वर.

या निवडणुकीच्या साली तलाव तळाला गेला होता. सहा तासांची पाळी पाच तासांवर आली आणि मतदानाच्या आधी एक, नंतर एक, अशा दोनच पाळ्या उरल्या होत्या. माणसं आभाळाकडे नाही, माझ्या मनगटाकडे बघत फिरत होती.

मतदानाआधीच्या पाळीला गजर नेहमीसारखा उजाडताच आला. मोटारसायकल लांब लावली, पिशवीतून घड्याळ काढलं, दगडावर ठेवलं आणि स्वतःचं पोतं अंथरून बसला. आमच्या बाजेवर तो कधी बसला नाही. आमच्या घरचा चहा त्यानं कधी घेतला नाही. पाणीसुद्धा घरून आणतो, बाटलीत. माझी बायको दर वेळी चहा विचारते आणि तो दर वेळी मान हलवतो. "विचारायचं बंद कर," असं मी तिला किती वेळा सांगितलं. "विचारायला काय जातं आपलं?" ती म्हणते आणि पुढच्या पाळीला पुन्हा विचारते.

मी चाक फिरवलं. पाणी चारीत पडलं, कोरडी पानं आणि काटक्या पुढे ढकलत निघालं. कोरड्या चारीतून शेवटच्या वस्तीपर्यंत पोचायला त्याला तास लागतो. ते पोचलं की गजरच्या फोनवर वस्तीतून फोन येतो. मग तो घड्याळाला किल्ली देतो, काटा पाच तासांवर लावतो आणि बसतो. घंटा वाजेपर्यंत मी चाकाला हात लावायचा नाही. माझ्या मनगटावर घड्याळ आहे, सरकारनं पगार मला दिलाय, पण वेळ मोजणार तो. पाच तास तो माझ्या पाठीकडे बघत असतो. एकदा मी नुसतं नाक शिंकरायला उठलो तरी तो उठून उभा राहिला होता.

दुपारी घंटा वाजली, मी चाक मिटलं, तो पोतं झटकून गेला.

संध्याकाळी ताई आली. गाडीतून उतरताना तिनं आधी चपला काढल्या आणि हातात घेतल्या, पाय इतके सुजले होते. आवाज बसलेला. माझ्या बायकोनं कोमट पाण्याची बादली पुढे सरकवली.

"वन्सं, पाय बुडवा आधी. भाषण नंतर करा."

"भाषणाला आवाज कुठं राहिलाय?" ताई खरखरत म्हणाली आणि हसली.

ताईबरोबर सल्लागार होता. पक्षानं पाठवलेला. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक वाक्याला आकडा लावायचा. तो बाजेवर बसला आणि मला म्हणाला, "दादा, पुढच्या आठवड्यात मतदान. आपण चारशे-पाचशे मतांवर हेलकावे खातोय. शेवटच्या वस्तीतली शंभर फिरली तरी जीव भांड्यात पडेल. तुम्ही चौथ्या चारीला एक तास जास्त सोडा. आज नाही जमलं तर उद्या सोडा. तक्रार कोण करणार? ज्याला जास्त मिळतंय तो?"

"आणि तो तास आणायचा कुठून?" मी विचारलं.

"तिसऱ्या चारीतून."

"तिसऱ्या चारीवर माणसं राहत नाहीत का?"

"राहतात ना. पण ती आपलीच आहेत. ती कुठं जात नाहीत."

मला इतका राग आला की हातातलं वंगणाचं फडकं मी जमिनीवर आपटलं. मी काही बोलायच्या आत आतल्या बाजेवरून आवाज आला. "चाकाला हात लावून बघा कुणी!"

आप्पा. आमचे वडील. वय ऐंशीच्या वर, डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं, पण कान शाबूत.

"कुणी लावत नाही, आप्पा," ताई म्हणाली. मग सल्लागाराला म्हणाली, "हे पुन्हा बोलू नका. या घरात तर नाहीच."

"मग ताईसाहेब, मला एक तरी सांगा. ती वस्ती तुमच्यावर एवढी का खार खाऊन आहे?"

ताईनं बादलीतून पाय काढले आणि पुसत बसली. मी बाहेर जाऊन उगाच चाकाचं कुलूप तपासलं.

सांगतो. तीन माणसांनी बत्तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आहे, आता काय लपवायचं.

तेव्हा फोन नव्हते. शेवटच्या वस्तीत टेकाडावर एक उंच झाड आहे, आमच्या बांधावरून स्वच्छ दिसतं. पाणी पोचलं की वस्तीतली माणसं त्या झाडाला लाल कापड बांधायची. आप्पा इथून कापड बघायचे आणि तिथून सहा तास मोजायचे. वस्तीत पाळीच्या दिवशी लाल काही वाळत घालायचं नाही, असा नियमच होता. वर्षानुवर्षं कधी मिनिटाचं भांडण झालं नाही.

त्या उन्हाळ्यातली ती शेवटची पाळी होती, त्यानंतर कालवा बंद व्हायचा होता. आदल्या दिवशी आप्पांना ताप भरला, उठून बसवेना. बदली माणूस मागवायचा तर आजारपण कळवावं लागलं असतं, आणि वरचा साहेब आधीच आप्पांच्या जागेवर स्वतःचा माणूस बसवायला टपलेला. जागा गेली की घर गेलं. आई नव्हती. तेव्हा चौदा वर्षांची ताई चाकाला लटकली. मी दहा वर्षांचा. ताईनं अडतीस फेरे कसे मारले ते मी बघितलंय. शेवटी शेवटी ती चाकावर पोट टेकवून अंगाच्या भारानं फिरवत होती. तळहाताची सालं निघाली होती. तिनं मला सांगितलं, "तू झाडाकडे बघ. डोळे हलवू नकोस."

मी बघत होतो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघत होतो. आणि लाल दिसलं.

"ताई, कापड!"

"इतक्यात?" ती म्हणाली. दहा-पंधरा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. ती हात धूत होती. तिनं वर बघितलं, लाल होतंच. "आज पाणी पळालं रे," असं म्हणून ती खूश झाली. आम्ही दोघंही खूश झालो. तिथून सहा तास मोजले आणि दार मिटलं.

ते पाणी पोचल्याचं कापड नव्हतं. कुणाच्या तरी घरचं धुणं होतं.

पाऊण तास पाणी कमी गेलं. टोकाच्या वावरात बियाण्याचा कांदा फुलावर होता. तिथपर्यंत पाणी पोचलंच नाही. वस्तीतली माणसं धावत आली तोवर वरून कालवा बंद झाला होता, आता चाक फिरवून फायदा नव्हता. वावर गजरच्या बापाचं. वर्षभराची मेहनत आठ दिवसांत उभी वाळली. त्याचा धाकटा भाऊ त्याच वर्षी गाव सोडून गेला, तो परत आला नाही.

"वरच्या शेतकऱ्यांना पाणी विकलंस," असं ते आप्पांना म्हणाले. कॉलर धरली. आप्पा तापानं थरथरत उभे होते आणि म्हणाले, "चाक मी मिटलं. माझी चूक झाली." बस. चौकशी झाली, आप्पांच्या नावावर निष्काळजीपणाचा शेरा बसला, पण जागा राहिली. वस्तीनं झाडाला कापड बांधणं सोडलं आणि घड्याळ आणलं.

आम्हाला आप्पा एवढंच म्हणाले होते, "तुम्ही दोघं त्या दिवशी बांधावर नव्हता." त्यानंतर तो विषय घरात कधी निघाला नाही. पुढे ताईनं शिक्षिकेची नोकरी केली, लग्न केलं, कालवा वेळेआधी बंद करायला निघाले तेव्हा शंभर बायका घेऊन बांधावर सात दिवस बसली आणि तिथून राजकारणात गेली. लोक म्हणतात पाण्याचं तिला वेड आहे. वेड कसलं? मला ठाऊक आहे तिला काय आहे ते.

मतदानाला चार दिवस उरले असताना ताई शेवटच्या वस्तीत सभेला गेली. सल्लागार नको नको म्हणत होता. मी सरकारी नोकर, मला प्रचारात दिसायची बंदी. पण चारीची गळती बघायला जायला मला कोण अडवणार? मी फावडं खांद्यावर टाकलं आणि चारीच्या कडेकडेनं चालत गेलो. माझी बायको ताईच्या गाडीतून गेली.

शाळेच्या पडवीसमोर चाळीसेक माणसं. निम्मी तमाशा बघायला आलेली. गजर हाताची घडी घालून भिंतीला टेकलेला. त्याची म्हातारी आई पडवीच्या पायरीवर शेंगा सोलत बसली होती. मी मागे, झाडाच्या आडोशाला, फावड्यावर हात ठेवून उभा.

ताईनं माइक हातात घेतला तर तो घुंई करून बंद पडला. कुणीतरी म्हणालं, "त्याचंही पाणी तोडलं वाटतं!" सगळे हसले. ताईही हसली. माइक खाली ठेवून ती चार पावलं पुढे आली.

"आवाज बसलाय, जवळ या जरा," ती म्हणाली. "मी काय केलं, किती रस्ते केले, ते कागदावर आहे, वाचा नाहीतर चूल पेटवा. मी दुसरंच सांगायला आलेय. त्या उन्हाळ्यात तुमचं पाणी माझ्या वडिलांनी तोडलं नाही. ते तापानं पडले होते. चाक मी फिरवलं आणि मीच मिटलं. चौदा वर्षांची होते. झाडावर लाल दिसलं, मला वाटलं पाणी पोचल्याचं कापड. ते कुणाचं तरी धुणं होतं. जागा जाऊ नये, मला कुणी बोल लावू नये, म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं."

मागची माणसं पुढे सरकली.

"कापड बघितलं कुणी?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. "तू चाकावर होतीस ना?"

ताईची नजर माणसांवरून फिरत माझ्यावर आली. मी झाडाआड होतो तरी तिला दिसलो. तिनं नजर काढून घेतली.

"मीच बघितलं," ती म्हणाली. "दुसरं कुणी नव्हतं."

तेव्हा मी पुढे व्हायला हवं होतं. दहा पावलांचं अंतर. सरकारी नोकरानं सभेत बोलायचं नसतं, असं मी मनाशी म्हणालो, आणि फावड्याची मूठ घट्ट धरून उभा राहिलो. नोकरीचा नियम मला एवढा गोड कधीच लागला नव्हता. लाज वाटते सांगायला, पण सांगतो.

"मग आम्ही काय करायचं आता?" गजरनं विचारलं. त्याचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "कांदा परत येणार का? काका परत येणार का?"

"नाही," ताई म्हणाली. "मतही मागत नाही. कुणाला द्यायचं त्याला द्या. फक्त आप्पांना चोर म्हणू नका. शिवी द्यायची तर मला द्या, मी ऐकते आहे."

टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. गजरची आई शेंगांचं सूप तसंच ठेवून उठली आणि घरात निघून गेली. सूप वाऱ्यानं हललं आणि चार शेंगा पायरीवर सांडल्या. गाडीत सल्लागार दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता.

घरी आल्यावर माझ्या बायकोनं जेवण वाढलं, माझं ताट जरा जोरातच ठेवलं.

"वन्सं चाकावर होत्या," ती म्हणाली. "चाकावरच्या माणसाला झाड दिसत नाही, मध्ये खांब येतो. अठरा वर्षं बघतेय मी ते चाक. तुम्ही कुठं होता तेव्हा?"

मी खाली बघून जेवत राहिलो. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि ती गोष्ट मला जास्त लागली.

पण खरा दणका आप्पांकडून बसला, तोही ताईला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्या बाजेशी बसली आणि म्हणाली, "आप्पा, सांगून टाकलं मी."

"कळलं मला. कान आहेत अजून." मग म्हणाले, "मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"असतोच म्हणालो. बत्तीस वर्षं मी ते माझं समजून बाळगलं. माझ्या पोरांसाठी मी एवढं एकच मोठं काम केलं, बाकी नुसतं चाक फिरवलं. तेही तू चार माणसांत नेऊन वाटून टाकलंस."

ताई रडली. प्रचारात हजारो माणसांपुढे शिव्या खाऊन न रडणारी बाई बाजेच्या काठावर डोकं टेकून रडली. आप्पांनी कूस बदलली. मतदान होईपर्यंत ते तिच्याशी बोलले नाहीत.

सल्लागार म्हणाला तसंच झालं. विरोधकांच्या गाड्या कर्णे लावून गावोगाव फिरल्या, 'पाणी कुणी तोडलं? खासदारांनी तोडलं! स्वतःच्या तोंडानं कबूल केलं!' आमच्या बांधावरूनही एक गाडी गेली. आप्पा बाहेरच्या बाजेवर उन्हाला बसले होते. कर्णा वाजला तशी त्यांनी हातातली काठी गाडीच्या दिशेनं हवेत उगारली, पण गाडी तेव्हा दुसऱ्या बाजूला होती. माझी बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. हसत होती की रडत होती, कोण जाणे.

निकालाच्या दिवशी आम्ही फोन मध्ये ठेवून बसलो होतो. ताई पुढे, ताई मागे, पुन्हा पुढे. आप्पा दर वेळी "किती?" विचारायचे आणि मी सांगितलं की तोंड फिरवायचे. शेवटी ताई चारशे अकरा मतांनी आली. माझ्या बायकोनं मला इतक्या जोरात धपाटा मारला की अजून आठवतो.

सल्लागाराचा फोन आला. "दादा, वस्तीचा आकडा ऐकायचाय? मागच्या वेळी एकोणीस. या वेळी बावीस. एवढी सगळी कबुली दिली आणि मिळाली किती, तर तीन मतं!" तो हसत सुटला. मलाही हसू आलं, पण आतून कुठंतरी मी खट्टू झालो. मला काय वाटलं होतं कोण जाणे. माणसं डोळे पुसत रांगेत उभी राहतील असं वाटलं होतं बहुतेक.

मग शेवटची पाळी आली.

ताई आदल्या संध्याकाळी आमच्याकडेच येऊन पडली होती. उजाडलं तेव्हा खासदार आत घोरत होत्या. मी बाहेर आलो, आट्यांना वंगण लावलं, आप्पांना धरून बाहेरच्या बाजेवर बसवलं. गजर आला. मोटारसायकल या वेळी त्यानं जवळच लावली. हात मोकळे. ना पिशवी, ना पोतं.

मी दगडाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "घड्याळ?"

"आईनं ठेवून घेतलं," तो म्हणाला.

मी कुलूप काढलं. तो उभाच होता. मी चाक फिरवायला लागलो तेव्हा तो माझ्या पाठीशी बोलायला लागला. तोंड बघून बोलता आलं नसतं त्याला.

"सभेतून उठून आई घरात गेली, ती दोन दिवस जेवली नाही. मग मला म्हणाली, ते लाल तिचं होतं. धाकटी बहीण तेव्हा तान्ही होती, आजारी. पांघरुणाची खोळ घाण झाली म्हणून धुतली आणि झाडावर टाकली. पाळी आहे हे ध्यानातच राहिलं नाही. वाळली तशी काढली. तुमच्याकडून दिसलं असेल असं तिच्या मनातच आलं नाही. तुमची ताई सभेत बोलली तेव्हा कळलं तिला." तो थांबला. "बापानं तीस वर्षं तिच्यासमोर तुम्हाला शिव्या घातल्या. मला शाळेतून काढून इथं बसवलं. बाप गेला तोही शिव्या देतच गेला."

मी अडतीस फेरे पूर्ण केले. पाणी पडलं. माझे हात वंगणानं काळे झाले होते, ते मी पुसत राहिलो, पुसून झाले तरी पुसत राहिलो. आप्पा बाजेवर मान तिरकी करून ऐकत होते.

"कापड आधी ताईनं बघितलं नव्हतं," मी म्हणालो. "मी बघितलं. मी ओरडलो. ती खोटं बोलली सभेत. मी तिथंच होतो, झाडामागे. माझी जीभ उचलली नाही."

गजरनं माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. इतकी वर्षं पाठ बघत होता, आता तोंड बघत होता.

"किती वर्षांचा होतास?"

"दहा."

"मी बारा," तो म्हणाला. आणि आमच्या बाजेवर, आप्पांच्या पायाशी, बसला.

माझी बायको दारात आली. तिनं नेहमीसारखं विचारलं, "चहा घेणार का?" गजरनं सवयीनं मान हलवली, मग त्याच्या लक्षात आलं. "घेईन की," तो म्हणाला. बायकोची अशी धांदल उडाली की कपबशी हातातून निसटता निसटता वाचली.

"मत मात्र मी तुझ्या बहिणीला दिलं नाही," तो चहा फुंकत म्हणाला. "खोटं कशाला बोलू? आमच्याकडचा पूल अजून झालेला नाही."

"ती उठली की तिलाच सांग," मी म्हणालो.

"झोपू दे तिला," आप्पा म्हणाले. "दमलीय पोरगी." कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडून तिच्याबद्दलचा शब्द निघाला होता. मग त्यांनी विचारलं, "फोन आला का रे वस्तीवरून?"

"फोन येणार नाही," गजर म्हणाला. "आई गेलीय टेकाडावर. ऐकत नाही. सत्तरीची आहे, पण म्हणाली मीच बांधणार."

आम्ही तिघं झाडाकडे तोंड करून बसलो. एकाला दिसत नव्हतं, तोही तिकडेच बघत होता. पाणी चारीतून जात होतं, त्याचा आवाज हळूहळू लांब गेला. उन्हं चढली. माझे डोळे चुरचुरायला लागले, पण मी ते हलवले नाहीत.

मग झाडाच्या मधल्या फांदीवर लाल दिसलं. वरपर्यंत तिचा हात पोचला नसणार. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. दहा वर्षांचा असताना ओरडलो होतो तेवढंच.

"आलं," गजरच म्हणाला.

"नक्की?" आप्पांनी विचारलं.

"नक्की, काका. आईचंच कापड आहे."

आप्पांनी काठी खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

गजरच्या खिशात फोन होता. त्यानं तो काढला नाही. कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "किती वाजले?"

मी मनगट वर केलं. आकडे मला लवकर दिसेनात, डोळे भरले होते. पुसून बघितलं.

"आठ वाजून दहा," मी म्हणालो.

"असतील," तो म्हणाला, आणि उरलेला चहा प्यायला.